इंजिनातलं करडीचं तेल

गंजलेला बोल्ट जोर लावून सुटत नाही. त्यावर थोडं डिझेल टाकायचं, हातोडीने हलकं ठोकायचं आणि निघून जायचं. दुसऱ्या दिवशी परत यायचं. नाही सुटला तर पुन्हा डिझेल, पुन्हा ठोकणं, पुन्हा निघून जाणं. पडीक गाड्या पुन्हा उभ्या करायचं काम म्हणजे बहुतेक वेळ हेच. बाहेरच्या माणसाला त्यात कारागिरी दिसते. ती थोडी असतेही. पण संध्याकाळी हात धुताना डोक्यात एवढंच असतं की आजही काही सुटलं नाही.

या अंकाच्या संपादकांनी कामातल्या गमती लिहायला सांगितल्या आहेत. गमती आहेत. पण लिहायला बसले की एकच गाडी डोळ्यांपुढे येते, आणि तिच्यात गंमत कमी होती.

आमचं घर हिंगोलीत, सेनगावच्या रस्त्याला लागून. पप्पांचं रस्त्यावर गॅरेज होतं. त्यांची पाठ गेली तेव्हा दुकान सोडलं आणि हत्यारं घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आली. मी दहावीपर्यंत नांदेडला इंग्रजी शाळेत होते. तिथे मराठीत बोललं की शिक्षा व्हायची, आणि इंग्रजीत बोललं की मुली हसायच्या, त्यामुळे मी दोन्ही भाषांत कमीच बोलायला शिकले. बी.एस्सी. करून घरी आले ती नोकरी लागेपर्यंत म्हणून. पप्पांना वाकता येत नव्हतं, मला येत होतं. असं ते सुरू झालं.

‘‘मिस्त्री कुठंयत?’’ येणारा प्रत्येक जण मला विचारायचा. मी पाना हातात घेऊन, कोपरापर्यंत काळी होऊन बसलेली असले तरी. मी व्हरांड्याकडे बोट दाखवायचे. तिथे पप्पा पेपर वाचत असायचे. माणूस पप्पांना गाडीचं दुखणं सांगायचा, मी शेडमधून ऐकायचे, पप्पा म्हणायचे, ‘‘बराबर. बघू आपण.’’ माणूस समाधानाने जायचा. एक हेडमास्तर तर तयार झालेल्या स्कूटरची किल्ली माझ्या हातून घेईनात. पप्पांची आंघोळ होईपर्यंत ते उन्हात उभे राहिले. डोंगरकड्याचा एक केळीवाला होता, त्याच्या मोपेडचा खडखडाट आमच्या फाटकात आलं की बंद व्हायचा. तो दर वेळी चहा पिऊन, ‘‘घाबरती तुमाला,’’ असं पप्पांना सांगून परत जायचा.

मला याचं वाईट वाटायचं नाही. बोलणं पप्पांकडे आणि काम माझ्याकडे, ही वाटणी माझ्या सोयीचीच होती. संजूच्या गाडीपर्यंत ती टिकली.

संजू राठोड हा आमच्याकडच्या गोरेगावच्या पलीकडच्या एका बंजारा तांड्यावरचा. हिंगोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता त्या सुमाराची गोष्ट. दिवाळी होऊन गेली होती. एका टेम्पोतून गाडी आली आणि मागोमाग काठी टेकत हा उतरला. तिशीच्या आतला, उजवा पाय गुडघ्यात वाकत नव्हता. टेम्पोवाल्याने गाडी अंगणात उतरवली तेव्हा चाकं फिरली नाहीत, नुसती घासत आली. तिच्यावर कडब्याचा भुसा आणि कोंबड्यांची घाण होती.

पप्पा पेपर ठेवून उठले. गाडीभोवती फिरले.

‘‘हे मडगार्ड काहून इतकं वर?’’

‘‘चिखल अडकू नये म्हून, काका.’’

‘‘आन लाईट?’’

‘‘शर्यतीत लाईट लागत न्हाई.’’

‘‘आन मागं बसायला?’’

‘‘मागं कोनाला बसवायचंच नसतं.’’

‘‘म्हंजे लगीन न झालेल्याची गाडी,’’ पप्पा म्हणाले. संजू हसला नाही. म्हणाला, ‘‘मिरगाच्या आत चालू करून पायजे.’’

‘‘मिरूग लई लांब हाय अजून.’’

‘‘गाडी बी लई लांब गेलेली हाय, काका.’’

ज्यांनी अशी गाडी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. डर्ट बाईक म्हणून आता जी वस्तू दाखवतात ती तेव्हा आपल्याकडच्या शोरूममध्ये मिळत नव्हती. पुण्या-नाशकाकडे मातीच्या मैदानावर, उंचवटे करून, शर्यती व्हायच्या. गॅरेजमधली पोरं रस्त्यावरच्या साध्या दोन-स्ट्रोक गाड्याच त्यासाठी कापून-जोडून घ्यायची. दिवे, आरसे, पत्रे काढून टाकायचे. सायलेन्सर वर उचलायचा. मडगार्ड चाकापासून हातभर उंच बसवायचं आणि टायर जाड बटणांचे घालायचे, माती धरणारे. पुण्यात त्याचा उपयोग शर्यतीपुरता. आमच्याकडच्या काळ्या मातीत राहणाऱ्याला ते उंच मडगार्ड पाहिलं की लगेच कळतं. पावसाळ्यात शेतांमधल्या पाणंदीत गाडी घातली की माती चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये अशी ठासून बसते की चाक जागेवर थांबतं, आणि माणूस काडीने माती उकरत बसतो. पुष्कळ जण पावसाळाभर पुढचं मडगार्डच काढून ठेवतात आणि चिखलाने तोंड रंगवून घेतात.

संजू पुण्याला एका गॅरेजात कामाला होता. मालकाच्या गाडीवर तो शर्यतीत उतरायचा. मालकाने गॅरेज बंद करताना गाडी त्याला देऊन टाकली. पुढच्या मोसमात एका उंचवट्यावरून तो आणि गाडी वेगवेगळे खाली आले. मांडीत सळई घातली. मग एका ट्रकमध्ये गाडी आणि तो दोघंही तांड्यावर परत आले. गाडी गोठ्याच्या आडोशाला कडब्याखाली गेली. पाच-सहा पावसाळे ती तिथेच होती.

हे सगळं त्याने पप्पांना सांगितलं. जाताना फाटकातून वळून म्हणाला, ‘‘मागं एक शीट बसवा, काका. रुंद. म्हातारं मानूस टेकून बसंल असं.’’ मला ते विचित्र वाटलं. पण विचारणं हे पप्पांचं खातं होतं, आणि पप्पा तोवर पेपरकडे वळले होते.

पहिला महिना घाणीत गेला. हवेच्या डब्यात उंदराचं घरटं होतं, ज्वारीच्या कणसांच्या चोथ्याचं, नीट विणलेलं. टाकी आतून गंजून लाल झाली होती. आमच्याकडे त्याला चिंच लागते. चिंचेचं पाणी टाकीत रात्रभर भरून ठेवायचं, मग बारीक खडे घालून टाकी हलवायची. हे काम पप्पांनी घेतलं. व्हरांड्यात खुर्चीवर बसून टाकी मांडीवर घेऊन ते ती हलवत राहायचे. येणारे-जाणारे विचारायचे, ‘‘मिस्त्री, नातू झाला का?’’

किक दबत नव्हती. इंजिन अडकलेलं असणार हे उघड होतं. पडून असलेल्या इंजिनात ओल शिरते आणि पिस्टन गंजून धरतो. मी प्लग काढला, त्या भोकाला नाक लावलं. गंजलेल्या इंजिनाला लोखंडाचा, मातीचा, जुन्या पेट्रोलचा वास येतो. इथे वास आला तो आमच्या स्वयंपाकघरातल्या लोणच्याच्या जुन्या बरणीचा. मी पुन्हा वास घेतला. मग मम्मीला बोलावून घेतलं. तिने पदराने नाक पुसलं आणि म्हणाली, ‘‘हे तर करडीचं तेल. खवट झालेलं.’’

करडीच्या तेलाचं एक वैशिष्ट्य आपल्या बायकांना न सांगता माहीत असतं. शेंगदाण्याचं तेल जुनं झालं तरी ओलंच राहतं. करडीचं वाळतं. फोडणीच्या जागेमागच्या भिंतीवर, बरणीच्या काठावर जो पिवळा चिकट थर बसतो आणि घासून निघत नाही, तो तोच. आधी चिकट, मग डिंकासारखा, मग लाखेसारखा. इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, उघडलं तेव्हा आत मधाच्या रंगाचं काही तरी होतं, आणि पिस्टन त्यात बसवून टाकल्यासारखा दिसत होता. दोन-स्ट्रोक गाडीत वरून ओतलेलं काहीही पिस्टनच्या खाली, इंजिनाच्या पोटात उतरतं, म्हणजे खालची बेअरिंगंही त्यातच होती.

पप्पांनी वाकून पाहिलं, पाठ धरून सरळ झाले. ‘‘भंगारात दे,’’ ते म्हणाले. ‘‘त्याला मी सांगतो.’’

‘‘बघते,’’ मी म्हटलं.

थिनर ओतलं, वाट पाहिली. ब्लो-लॅम्पने बाहेरून तापवलं. अंगणभर पुऱ्या जळाल्यासारखा वास सुटला आणि शेजारच्या काकूंनी भिंतीवरून विचारलं, ‘‘काय गं, कोणाचं काय कार्य?’’ पिस्टनवर लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडी मारली. हलला नाही. कॉस्टिक सोड्याने असलं तेल निघतं, पण तो सोडा ॲल्युमिनियमही खातो, आणि पिस्टन ॲल्युमिनियमचा. म्हणजे पुन्हा थिनर, पुन्हा तापवणं, पुन्हा ठोकळा. रोज. दुसऱ्या गाड्या येत होत्या, होऊन जात होत्या. ही तशीच.

संक्रांतीनंतर एका दुपारी पप्पा झोपले होते तेव्हा फाटक वाजलं. एक बाई आत आली, पन्नाशीची असेल, पण दम लागल्यामुळे म्हातारी वाटत होती. तिने मिस्त्री कुठे म्हणून विचारलं नाही. सरळ शेडमध्ये आली आणि माझ्यासमोर पोत्यावर बसली.

‘‘संजूची माय मी. चंद्रीबाई.’’

मी पाणी दिलं. ती प्याली, मग उघड्या इंजिनाकडे बघत राहिली.

‘‘समदं उघडून बसलीस.’’

‘‘हो.’’

‘‘मंग? व्हतंय का?’’

‘‘अडकलंय आतून. तेल वाळून.’’

‘‘कशाचं तेल?’’

मी थिनरचा डबा बाजूला सरकवला. ती म्हणाली, ‘‘सांग की. तुला म्हाईत हाय.’’

‘‘करडीचं.’’

‘‘मीच ओतलं,’’ ती म्हणाली.

तिने सांगितलं ते असं. संजू घरी आला त्या वर्षी खंडेनवमीला घरात हत्यारांची पूजा होती. विळे, कुऱ्हाड, नांगराचा फाळ. संजू बाजेवर पडलेला. त्याने तिथूनच सांगितलं, माझ्या गाडीलाही हळद-कुंकू लाव, आणि तो पाना घेऊन प्लग काढ, आत दोन चमचे तेल ओत, म्हणजे इंजिन राहील. तो म्हणत होता ते इंजिनात घालायचं तेल. घरात तेल एकच होतं.

‘‘पहिल्या सालाला देवाचं म्हून ओतलं,’’ चंद्रीबाई म्हणाली. ‘‘दुसऱ्या सालाला ओतायच्या आधी ती किक हातानं दाबून बघितली. दबना. तवा मला उमगलं. तेलानं धरून राहिलीय म्हनलं. मंग दर साली ओतत गेले. दोन चमचे कशाला, वाटीभर.’’

तिने हसल्यासारखं केलं. मग पोत्यावरून पुढे सरकली.

‘‘बाई, माजं एक ऐक. न्हाई व्हत म्हून सांग त्याला. खोटं बोल म्हनत न्हाई मी. बघ की, व्हतच न्हाई ना? एकदा त्याला टरकातून आनलाय उचलून. माज्यात पुन्यांदा बघायची ताकद न्हाई. तू सांगितलं तर कोन इचारनार हाय? तू बोलतीच कुठं कोनाशी!’’

मी म्हटलं, ‘‘बघते.’’

‘‘काय बघते? व्हय म्हन.’’

मी ठोकळा उचलून पिस्टनवर ठेवला. ती उठली, फाटकापर्यंत जाऊन थांबली, दम खाल्ला, आणि गेली.

तिचं म्हणणं मान्य करणं अगदी सोपं होतं. पप्पा भंगार म्हणतच होते. आमच्या धंद्यात ‘होत नाही’ या शब्दाला कोणी आव्हान देत नाही. कितीतरी मिस्त्री कंटाळा आला की तो वापरतात. मी स्वतः इतकी कंटाळले होते की ते खोटंही ठरलं नसतं. मी ठरवलं, रविवारपर्यंत वाट पाहायची आणि पप्पांकडून संजूला निरोप द्यायचा.

शनिवारी पिस्टन हलला.

केसभर. ठोकळ्यावर हातोडी मारली तेव्हा आवाज बदलला. भरीव होता तो पोकळ आला. मी पुन्हा मारली, पुन्हा केसभर. मी शेडमध्ये एकटी होते. आनंद झाला असं म्हणता येणार नाही. मी जमिनीवर बसून राहिले. आता ‘होत नाही’ म्हणणं माझ्यासाठी बंद झालं होतं. हलणाऱ्या पिस्टनला अडकलेला म्हणणं मला जमलं नसतं. याला कोणी प्रामाणिकपणा म्हणेल. मला तेव्हा तो नुसता हट्ट वाटला, आणि त्याचा भार दुसऱ्या कोणावर पडणार होता.

पिस्टन निघाला, रिंगा मात्र खाचांत तुटल्या. बोअर करायला, म्हणजे आतून कोरून थोडं मोठं करायला, सिलिंडर नांदेडला नेलं. मोठ्या मापाचा पिस्टन तिथे मिळाला नाही, तो अकोल्याहून आला. इंजिनाचं पोट फोडलं, बेअरिंगं बदलली, प्रत्येक भोक थिनर घालून काडीने टोकरलं. बोटांची कातडी निघाली. जेवताना मम्मी भाकरी मोडून द्यायची.

होळी झाल्यावर संजू आला. पप्पा नांदेडला डॉक्टरांकडे गेले होते. त्याने व्हरांड्यातली रिकामी खुर्ची पाहिली, मग नाइलाजाने शेडच्या दारात आला.

‘‘ताई, कुठवर आलंय?’’

मी नवीन पिस्टन दाखवला. त्याने हातात घेतला, अंगठ्याने कड तपासली, परत दिला. जाणकार हात होता. मग दाराला टेकून उभा राहिला, पाय पुढे ताठ करून.

‘‘मिरगाच्या आत व्हईल ना?’’

‘‘घाई का आहे?’’ मी विचारलं. गिऱ्हाइकाला मी सहसा काही विचारत नाही. ती रुंद सीट माझ्या डोक्यात होती.

‘‘मागल्या पावसाळ्यात मायचा दम लई उठला. तांड्यावरून सडकंला यायला पाणंद हाय, तुमी बघितली न्हाई, गुडघ्याइतका चिखल. बैलगाडी रुतली. मंग बाजंवर घालून न्हेलं. चौघांनी खांदा दिला. चुलते, भाऊबंद.’’ त्याने काठी जमिनीत रुतवून फिरवली. ‘‘मी मागून. काठी टेकत. सडकंला पोचलो तवा ती गाडीत बसून गेली बी व्हती.’’

मी पिस्टन फडक्यात गुंडाळला.

‘‘डाक्टर म्हनला, अजून उशीर झाला असता तर... जाऊ द्या. ह्या साली बी पाऊस येनारच हाय.’’

‘‘आईंना माहीत आहे? गाडी कशाला हवी ते?’’

‘‘तिला सांगितलं तर म्हनंल, माज्यासाठी कशाला, मी मरना का. तिला वाटतंय मला पुन्यांदा शर्यतीचं खूळ लागलंय. वाटू द्या.’’

तो गेला. आईचं म्हणणं माझ्याजवळ होतं, मुलाचं माझ्याजवळ होतं, आणि दोघांनीही ते मी बोलत नाही म्हणूनच मला दिलं होतं. लोक गाडीबरोबर असलं काही ठेवून जातात आणि मग गाडी तेवढी न्यायला येतात. बोलक्या माणसाने एका वाक्यात सगळं मिटवलं असतं. मी मडगार्ड घासायला घेतलं.

मला जे करता आलं ते गाडीतच करता आलं. मागच्या ब्रेकचा पेडल वाढवून घेतला, ताठ पायाने दाबता येईल असा. मागची सीट रुंद केली, तिला पाठ टेकायला लोखंडी कमान जोडली, पाय ठेवायला फळी. आणि पुढचं चक्र बदललं. साखळी ज्याच्यावरून फिरते ते इंजिनाजवळचं दातेरी चक्र. त्याचे दात कमी केले की गाडीची ओढ वाढते, चिखलातून, चढावरून ती बैलासारखी निघते, पण तिचा पळ कमी होतो. शर्यतीच्या गाडीला मी लहान चक्र लावलं. पाणंदीसाठी ते बरोबरच होतं. पण ते बसवताना माझ्या मनात पाणंद एकटीच नव्हती, हे मला माहीत होतं.

‘‘घोड्याला बैलाचं खूर लावलंस,’’ पप्पा म्हणाले. मग पेपर उघडून बसले.

मेच्या शेवटी, आभाळ भरून येऊन पाऊस नुसता हुलकावण्या देत होता त्या दिवसांत, संजू गाडी न्यायला आला. बरोबर चंद्रीबाई होती. ती माझ्याकडे न बघता सरळ मम्मीजवळ स्वयंपाकघरात जाऊन बसली. तिला शब्द मी दिलाच नव्हता, पण तिच्या हिशेबी मी तो मोडला होता.

उजवा पाय वाकत नसल्यामुळे संजूला बसून किक मारता येणार नव्हती. तो गाडीच्या उजव्या बाजूला उभा राहिला आणि डाव्या पायाने किक मारली. पहिल्यांदा नाही, दुसऱ्यांदा नाही. मग गाडीने खोकल्यासारखं केलं, निळा धूर सोडला आणि तिचा तो पत्र्यावर खडे पडल्यासारखा आवाज अंगणभर झाला. पप्पांनी टाळी वाजवली. स्वयंपाकघरातून कोणी बाहेर आलं नाही.

तो चढला, गल्लीच्या टोकाच्या मोकळ्या मैदानापर्यंत गेला, तिथे दोन फेऱ्या मारल्या, परत आला. इंजिन बंद केलं. पप्पांकडे न जाता माझ्यासमोर आला.

‘‘पुढचं चक्र बदललंत, ताई.’’

‘‘हो. चिखलासाठी.’’

‘‘चिखलासाठीच?’’

मी फडक्याने हात पुसायला घेतले.

‘‘माय आली व्हती न्हाई इथं?’’ तो हळू आवाजात म्हणाला. ‘‘काय म्हनली ते नका सांगू. तेल कशाचं व्हतं आत, ते मला म्हाईत हाय. बाजंवर पडून मीच बघायचो. दर दसऱ्याला. चुलीजवळची बरनी घेऊन जायची.’’

‘‘मग सांगायचं होतंत ना,’’ मी म्हणाले. मला राग आला होता. माझ्या बोटांची कातडी अजून आली नव्हती. ‘‘हे तेल नको म्हणून. तुम्हाला कळत होतं काय होईल ते.’’

‘‘कळत व्हतं म्हून तर.’’ त्याने सीटवरची धूळ तळव्याने पुसली. ‘‘पडलो तवापासून गाडीचा आवाज ऐकला की मला घाम सुटायचा, ताई. पन मी भ्यालो असं कोनाला सांगू? तांड्यावरची पोरं इचारायची, कवा चालू करतो? ती ओतत गेली, मला बरं वाटत गेलं. आता चालूच व्हत न्हाई म्हनायला मोकळा.’’

‘‘आणि आता?’’

‘‘आता बी सुटतो घाम. हे बघा की.’’ त्याने हात पुढे केले. हँडलची रबरं जिथे धरली होती तिथे तळवे ओले होते.

तेवढ्यात चंद्रीबाई बाहेर आली. गाडीकडे एकदा पाहिलं, त्या रुंद सीटकडे जरा जास्त वेळ पाहिलं. तिला कळलं की नाही, मला सांगता येणार नाही. संजू तिला त्यांच्या बंजारा बोलीत काही तरी म्हणाला. ती मराठीत, आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, ‘‘मी न्हाई बसत. जिनं पाय मोडला तिच्यावर बसू व्हय? जीप हाय मला.’’

‘‘माय, जीप गोरेगावलाच सोडती. म्होरं?’’

‘‘म्होरं पाय हायेत मला.’’

ती रस्त्याकडे चालू लागली. संजूने माझ्याकडे पाहिलं. ‘‘जुनं चक्र हाय का?’’

ते त्याचंच होतं. मी कागदात बांधून आणून दिलं. त्याने ते शर्टाच्या खिशात टाकलं, खिसा खाली ओढला गेला. उजव्या बाजूने किक मारली आणि आईच्या मागे निघाला, चालणाऱ्या माणसाच्या वेगाने, डावा पाय जमिनीला टेकवत. रस्त्यावर ती जीपच्या मागच्या फळीवर बसली, तोंड मागे करून, चार बायकांमध्ये दाटीने. मी फाटकातून इतकंच पाहिलं.

आठवडाभराने त्याच जीपचा ड्रायव्हर आपली मोटरसायकल घेऊन पप्पांकडे आला.

‘‘मिस्त्री, ते लंगडं पोरगं त्या उघड्या गाडीवर, तुमच्याकडूनच न्हेली ना त्यानं? गोरेगावपस्तोर माज्या मागं. समदी धूळ खाऊन राहिला. मी हात दाखवला, जा बाबा म्होरं. जाईचना. त्याची माय मागं तोंड करून बसलेली, डोळा न हालवता त्याच्याकडं बघून राहिली. गोरेगावात उतरली आन मी म्हनलं आता चालत जाती, तर पाणंदीच्या तोंडाला जाऊन चढली की गाडीवर! पन काय हो, काहीच दम न्हाई का त्या गाडीत? जीपच्या म्होरं जाता येईना म्हंजे!’’

पप्पांनी पेपर खाली केला. माझी बाजू घ्यायला म्हणून म्हणाले, ‘‘चक्र लहान हाय तिचं. पळणार कशी?’’

पळाली असती. लहान चक्रावरही ती गाडी माणसांनी गच्च भरलेल्या त्या जीपला पहिल्या सरळ रस्त्यावर मागे टाकून गेली असती. मी तिचं इंजिन हाताने बांधलं होतं, मला ते पप्पांपेक्षा जास्त माहीत होतं.

‘‘दम कमीच आहे तिच्यात,’’ मी ड्रायव्हरला म्हणाले, आणि त्याच्या गाडीचा प्लग काढायला घेतला.